पन्नास वर्षांची कमान

गेर्डानं ठरवलं म्हणजे ठरवलं. लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि त्या दिवशी आपण या घरात, या रस्त्यावर, या देशातसुद्धा असणार नाही, हे तिनं फेब्रुवारीतच वेर्नरला सांगून टाकलं. जर्मनीत मोझेल नदीकाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन जाणाऱ्या बसची दोन तिकिटं तिनं काढली, तीही त्याला न विचारता.

"मला नाही जायचं," वेर्नर म्हणाला. तो बटाटे सोलत होता.

"तुला कधी कुठं जायचं असतं? ओढून नेलं नसतं तर तू लग्नालासुद्धा आला नसतास."

"चर्च समोरच होतं. चालत आलो होतो मी."

"वेर्नर, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. मी म्हणतो, राहू या. कॉफी करून ठेवू, पाव आणून ठेवू. येतील ते येतील."

"आणि कुणीच नाही आलं म्हणजे?"

वेर्नरनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. 

जर्मनीच्या उत्तरेला, आमच्या पश्चिम जटलंडात, माणूस शेजाऱ्याच्या घरी उगाच जात नाही. वर्षवर्ष कुंपणावरून मान हलवतो आणि त्यालाच प्रेम म्हणतो. पण लग्नाच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वाढदिवसाला दारावर कमान लागलीच पाहिजे. आदल्या संध्याकाळी शेजारी येतात, दोन खांब पुरतात, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या फांद्या बांधतात, घरी केलेली कागदाची फुलं खोचतात. आतल्या नवरा-बायकोनं तेव्हा पडदे ओढून गप्प बसायचं. काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही असं सोंग करायचं. सकाळी सात वाजता सगळे पुन्हा येऊन दारात गाणी म्हणतात, मग दार उघडतं, कॉफी, पाव आणि एकेक पेला कडू दारू. कमानीचा पुढाकार घ्यायचा तो उजव्या हाताच्या पहिल्या घरानं. ते हललं नाही तर बाकीचे बोटसुद्धा उचलत नाहीत, मग त्यांच्या मनात कितीही असो.

गेर्डाच्या उजव्या हाताचं पहिलं घर होल्गरचं. आणि नऊ वर्षांपूर्वी, सुगीच्या मेजवानीतून दारू पिऊन गाडी चालवत घरी येताना, गेर्डाच्या मुलानं, आस्गरनं, होल्गरच्या मुलीला, सिग्नेला, उडवलं होतं. सिग्ने सायकलवर होती. एकोणीस वर्षांची होती. जागीच गेली.

आस्गर दोन वर्षं आत होता. सुटल्यावर नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात गेला, तो नाताळला फोन करण्यापुरता उरला. होल्गरची बायको शहरात बहिणीकडे गेली ती परत आली नाही. आणि दर गुरुवारी पत्ते खेळायला बसणारे होल्गर आणि वेर्नर त्या दिवसापासून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडणही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं गेर्डाला कितीदा वाटे; भांडण मिटवता तरी येतं.

सगळ्यात वाईट म्हणजे गावातल्या निम्म्या कमानींवरची फुलं आजवर गेर्डाच्या हातची होती. क्रेप कागद कापायचा, सुरीच्या पाठीनं पाकळीची कड वळवायची, तारेनं बांधायचं, आणि पावसात रंग उतरू नये म्हणून पातळ मेणात एकदा बुडवून काढायचं. चाळीस वर्षं तिनं लोकांसाठी हे केलं. आता स्वतःचं पन्नासावं आलं, तेव्हा उघडंबोडकं दार बघत सकाळी सात वाजता कॉफीची किटली घेऊन बसायचं? छे! त्यापेक्षा परदेश बरा.

निघायच्या आधी वेर्नरनं आणखी एकदा तोंड उघडलं. "निदान पेपरात दोन ओळी दे. आम्ही बाहेरगावी आहोत म्हणून. सगळे देतात."

"सगळ्यांकडे लोक येणार असतात म्हणून देतात. आपल्याकडे कोण येणार होतं, म्हणून 'येऊ नका' सांगायचं? हात दाखवून अवलक्षण! अख्खा गाव हसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, वेर्नर."

तेव्हा पेपरात काही आलं नाही. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, पहाटे, गाडी गॅरेजमध्येच ठेवून, फ्रिज रिकामा करून उघडा ठेवून, पडदे ओढून दोघं चोरासारखे घराबाहेर पडले आणि बॅगा ओढत मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत चालत गेले. होल्गरच्या घरावरून जाताना गेर्डानं बॅग उचलून घेतली, चाकांचा आवाज नको म्हणून. वेर्नरनंही आपली उचलली. त्याची पाठ दुखत होती तरी.

गेर्डाच्या बॅगेत तळाला बिस्किटांचा एक मोठा डबा होता. त्यात पन्नास सोनेरी फुलं होती. हिवाळाभर, वेर्नर दुपारचा झोपला की ती शिवणाच्या खोलीत बसून करत होती. आपली कमान आपणच करणं यासारखी लाज नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण परक्या गावात, परक्या दारावर, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथं काय हरकत आहे? म्हाताऱ्याला वाटेल, पन्नास वर्षांचं काहीतरी झालं. निदान त्याला तरी.

वाटेत बस जंगलाशी थांबली तेव्हा लोक पाय मोकळे करत होते आणि गेर्डा शिवणाच्या कात्रीनं स्प्रूसच्या फांद्या कापून पिशवीत कोंबत होती. वाढदिवसाच्या सकाळी सहाला ती उठली, आणि हॉटेलच्या खोलीच्या दाराला बाहेरून तिनं फांद्या आणि फुलं बांधली. दार अरुंद होतं. वर हात पोचावा म्हणून एक खुर्ची तिनं जेवणघरातून चोरून आणली होती. सातला तिनं वेर्नरला हलवलं.

"दार उघड."

"कोण आहे?"

"उघड तर खरं."

वेर्नर पायजम्यावरच उठला आणि त्यानं दार उघडलं. क्षणभर त्याचा चेहरा असा काही उजळला की गेर्डानं तो तसा नऊ वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, लांब बोळात कुणी उभं आहे का ते शोधलं. मग त्यानं एका फुलाला हात लावला, पाकळीची वळवलेली कड बोटानं चाचपली, आणि त्याचा चेहरा विझला.

"तुझी आहेत ही," तो म्हणाला.

"मग कुणाची असणार?"

"मला वाटलं..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि पलंगाच्या कडेवर बसला. "काही नाही. सुंदर झालीयेत."

तेवढ्यात बोळातून बसमधली बिर्टे नावाची बाई नाश्त्याला निघाली होती, तिनं कमान बघितली आणि किंचाळलीच. पाच मिनिटांत वीस अनोळखी म्हातारे दारात जमले. ते सगळे आपल्याच मुलखातले, सगळ्यांना गाणी पाठ, त्यांनी खणखणीत आवाजात चार पदं म्हटली. वेर्नर पायजम्यात उभा होता, गेर्डा त्याच्या शेजारी.

"आणि ही फुलं बरोबर आणलीत?" बिर्टेनं विचारलं. "कुणी केली?"

"शेजाऱ्यांनी," गेर्डा म्हणाली. तिच्या तोंडून ते कसं निघून गेलं तिचं तिला कळलं नाही. "आमच्या उजव्या हाताचे होल्गर म्हणून आहेत, त्यांनी. म्हणाले, तुम्ही परदेशात असलात म्हणून काय झालं?"

"बाई गं! असे शेजारी मिळायला नशीब लागतं."

"लागतं ना," गेर्डा म्हणाली.

लोक गेल्यावर वेर्नरनं दार लावलं. "त्याचं नाव तरी घ्यायचं नव्हतंस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. दिवसभर त्यानं नदी बघितली, द्राक्षांचे मळे बघितले, लोकांनी पाजलेली वाईन घेतली, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. गेर्डानं मात्र जेवणाचं ताट बाजूला सारलं. एवढ्या लांब पळून येऊन तिनं केलं काय, तर तोच होल्गर बरोबर आणला होता.

चार दिवसांनी दुपारी बसनं त्यांना मोठ्या रस्त्यावर सोडलं. दोघं चालत घरी आले. फाटकातून आत शिरताना वेर्नर थांबला.

"हे काय?"

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हिरवळीत दोन गोल खड्डे होते. माती ताजी होती. पायरीच्या कोपऱ्यात झाडून लोटलेल्या सुयांसारख्या पानांचा ढीग होता, आणि चौकटीवर दोन नवे खिळे. वेर्नरनं आयुष्यात तीस-चाळीस कमानींचे खांब पुरले होते. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तो हळूच गुडघ्यावर बसला आणि त्यानं खड्ड्यात हात घातला, खांद्यापर्यंत.

"दोन फुटांच्या वर खणलाय," तो म्हणाला. "वाऱ्यात पडू नये म्हणून."

"कुणी?" गेर्डा म्हणाली. पण तिची नजर आधीच उजवीकडच्या घराकडे गेली होती.

समोरच्या घरातून एडिथ चाकांचा वॉकर ढकलत येताना दिसली. एडिथ चौऱ्याऐंशीची, पूर्वी टपालखात्यात होती. गावातलं प्रत्येक पत्र तिनं हाताळलेलं, आणि निम्मी वाचलेली असावीत असा आमचा संशय.

"कुठं कडमडला होतात दोघं?" ती फाटकापासूनच ओरडली.

"जर्मनीत," वेर्नर म्हणाला.

"जर्मनीत! आणि सांगायला काय झालं होतं? जीभ झडली होती? पेपरात दोन ओळी नाहीत, गाडी जागेवर, पडदे ओढलेले! आदल्या संध्याकाळी आम्ही तेवीस माणसं इथं, कुजबुजत, ठोकाठोकी करत. मीच म्हटलं, बघा, गेर्डा किती रीत पाळते, खोकलासुद्धा दाबून धरलाय बाईनं."

गेर्डानं कठड्याला धरलं.

"सकाळी सातला आम्ही गायलो. दार नाही उघडलं. म्हटलं, म्हातारे आहेत, झोप लागली असेल. पुन्हा गायलो, पहिल्यापासून. मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी होल्गरनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पडद्याच्या फटीतून, आत बघितलं."

"होल्गर आला होता?" वेर्नरनं विचारलं. तो अजून गुडघ्यावरच होता.

"आला होता म्हणजे? अरे, त्यानंच सगळं केलं! मार्चमध्ये माझ्याकडे आला, टोपी हातात. म्हणाला, एडिथ, कागदाची फुलं कशी करतात ते शिकव. मी म्हटलं, कुणासाठी रे बाबा? म्हणाला, त्यांचं पन्नासावं आहे ना. बस. बाकी चकार शब्द नाही. तीन आठवडे रोज चार वाजता माझ्या टेबलाशी. त्याची ती बोटं! पहिली वीस तर कोबीचे गड्डे झाले. मी हसले तर म्हणाला, गेर्डाच्या हातासारखी कुठून होणार. पण पन्नास पुरी केली."

"मग कमान?"

"त्यानंच उतरवली. त्याच दुपारी ट्रॅक्टर आणला, एकट्यानं खांब उपटले, कुणाला हात लावू दिला नाही. पायरीसुद्धा झाडून गेला." एडिथचा आवाज बसला. "मला तुमच्यावर ओरडायचं होतं, चार दिवस वाट बघत होते. आता बघते तर ओरडायलाही काही उरलेलं नाही."

वेर्नर उठायला लागला, पण गेर्डानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी जाते," ती म्हणाली. "हे माझं आहे." बॅगा तिथंच पडल्या, कोट अंगावर तसाच, ती होल्गरच्या रस्त्याला लागली. नऊ वर्षांत तिनं त्या फाटकाला हात लावला नव्हता. चालताना ती वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य घराच्या एक पाऊल जवळ आलं की खोटं वाटत होतं.

होल्गर गोठ्याशी वासरांना बादलीतून दूध पाजत होता. वाकलेला होता, आणि त्याचे केस पांढरे झाले होते. एवढ्या जवळून तिनं ते बघितलेच नव्हते.

"होल्गर."

त्यानं वर पाहिलं. "आलात."

"आत्ता आलो. एडिथनं सांगितलं."

"ती सांगणारच."

"आम्हाला माहीत नव्हतं, होल्गर. मला वाटलं, कुणीच येणार नाही. तुला टाळायला नाही गेलो आम्ही. उघडं दार बघवणार नाही म्हणून पळालो. मीच पळवलं वेर्नरला. तो नको म्हणत होता." तिला रडू आवरेना. "देवाशपथ सांगते, मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं," होल्गर म्हणाला. वासरू बादलीत तोंड घालून ढुशा देत होतं, तो ती घट्ट धरून होता. "मला गाता येत नाही, तुला माहीत आहे. तरी म्हटलं. दार उघडेना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही पडद्याआडून बघताय. होल्गर उभा आहे म्हणून उघडत नाही. त्या सगळ्या माणसांसमोर दहा मिनिटं मी तसा उभा होतो. मग खिडकीतून बघितलं, फ्रिजचं दार उघडं, आत काही नाही. तेव्हा हायसं वाटलं."

"हो ना," गेर्डा घाईनं म्हणाली. "मग कळलं ना तुला?"

"कळलं. पण ती दहा मिनिटं गेली नाहीत. त्या दहा मिनिटांत मी तुमच्या सगळ्या घरादाराचा जेवढा द्वेष केला, तेवढा सिग्ने गेली त्या वर्षीसुद्धा केला नव्हता. मला माहीतच नव्हतं की अजून माझ्यात एवढा आहे. मला वाटलं होतं संपलाय. म्हणून तर फुलं करायला बसलो."

 गेर्डानं जे पहिलं तोंडात आलं ते म्हटलं. "रविवारी कॉफीला ये. नुसतं ये. कमान नको, काही नको."

"नको."

"मग आम्ही येतो. वेर्नर येईल, एकटा. पत्ते घेऊन."

"नको, गेर्डा." त्यानं बादली खाली ठेवली. वासरानं ती कलंडवली, उरलेलं दूध मातीत गेलं, पण त्यानं तिकडे पाहिलं नाही. "एकदा जमलं होतं मला. एक दिवस सकाळी उठलो आणि जमलं. ते काय रोज जमतं? वेर्नरला सांग, राग नाही माझा. खरंच नाही. पण येऊ नका."

 त्यानं दुसरी बादली भरायला घेतली, तेव्हा तिला कळलं की बोलणं संपलं आहे.

घरी वेर्नरनं बॅगा आत घेतल्या होत्या, पडदे उघडले होते. टेबलावर कॉफीची किटली होती आणि तीन कप मांडलेले होते. त्यानं शर्ट बदलला होता.

"भेटला?" त्यानं विचारलं.

"भेटला."

"रागावलाय?"

"नाही," गेर्डा म्हणाली. "राग नाही म्हणाला. तुला सांगायला सांगितलंय."

वेर्नरनं श्वास सोडला, एवढा लांब की नऊ वर्षं तो आत धरून ठेवला होता की काय कुणास ठाऊक. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "दोन फूट खणलंय त्यानं, गेर्डा! राग असलेला माणूस एवढं खणत नाही. मी आत्ताच जाऊन येतो. कॉफी तिकडेच नेतो, थर्मासमध्ये." आणि तो कपाटात थर्मास शोधायला लागला, खुंटीवरची टोपी डोक्यावर घालून, पोरासारखा.

गेर्डा दारात उभी होती. त्याला जाऊ द्यावं असं तिच्या मनात आलं. जाऊ दे, त्याच्या तोंडून ऐकू दे, मला सांगायला लावू नको. पण मग होल्गरला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं असतं, आणि वेर्नरला ते त्या अंगणात एकट्यानं उभं राहून ऐकावं लागलं असतं.

"वेर्नर, थांब. त्यानं येऊ नका म्हटलंय."

"आज ना?"

"आज नाही."

"मग कधी?"

"कधी असं नाही. येऊच नका म्हणाला."

वेर्नरनं थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "पण राग नाही म्हणालीस ना तू?"

"नाही म्हणाला. खरंच नाही त्याला."

"मग?"

यावरचं उत्तर म्हणजे बंद दारासमोरची होल्गरची दहा मिनिटं, आणि ती गेर्डाच्याच पळण्यानं आली होती; तिनं टेबलावरचा तिसरा कप उचलून कपाटात ठेवला. वेर्नर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला ते आपोआप कळलं असावं, कारण त्यानं टोपी काढली, ती खुंटीला न लावता हातातच धरली आणि खुर्चीवर बसला. याबद्दल तो पुढंही कधी बोलणार नव्हता. तो असाच बसून राहणार आणि आपण त्याला असं बसलेलं बघत राहणार, दोघांपैकी एक जाईपर्यंत, हे गेर्डाला तिथं उभ्या उभ्या समजलं.